धुणेवालीची साक्ष

समुद्रापारच्या स्पॅनिश वसाहतीत, आसुन्सियोनमध्ये, सगळ्यांचे कपडे ब्रियांदाच्या हाताखालून गेलेले होते. कोण कुणाकडे झोपून आला, कुणाच्या खोकल्यात रक्त पडायला लागलं, कुठल्या सुनेला या महिन्यातही दिवस गेले नाहीत, हे तिला पाद्र्याच्या आधी कळायचं. पण ती बोलत नसे. स्पेनहून गलबतात चढली तेव्हा तेवीस वर्षांची होती. नंतरच्या वीस वर्षांत तिने दोन नवरे पुरले, पुढचे दात गेले आणि राखेच्या पाण्याने हात कोपरापर्यंत लाल झाले ते तसेच राहिले. पदरात एक मुलगी, लेओनोर.

तिचं एकच दुखणं होतं आणि त्याचं नाव होतं कप्तान बेल्त्रान ओल्मेदो.

वर्षापूर्वी गव्हर्नरांनी वाटणी केली. जुन्या लोकांना शेतं दिली, इथल्या मूळच्या ग्वारानी लोकांची गावं माणसांसकट दिली. त्या माणसांना कुणी विचारलं नाही. ब्रियांदालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्याला मिळालं नाही, एवढंच दिसलं. ती पुढे झाली तेव्हा गव्हर्नरांनी बेल्त्रानकडे बघितलं. "कप्तान, तुम्ही हिच्याबरोबरच आलात ना? काय केलं हिनं?"

"धुणं धुतलं!" बेल्त्रान हसला. "बायकांनी आणखी काय करायचं असतं?"

सगळं अंगण हसलं होतं. ब्रियांदा मान खाली घालून घरी आली आणि तिने त्याचाच सदरा दगडावर इतका आपटला की काठ विरला.

आणि आता तोच बेल्त्रान तिच्या दारात उभा होता, टोपी हातात घेऊन.

"दोन्या ब्रियांदा," तो म्हणाला, मोठ्या घरच्या बाईला म्हणावं तसं. वीस वर्षांत 'अगं ए'च्या वर तो कधी गेला नव्हता. "राजाकडे अर्ज करतोय. घराण्याला मानाचं चिन्ह मिळावं म्हणून. साक्षीदार लागतात."

"आहेत की तुमचे मित्र."

"दोघं आहेत. पण त्यांनी लांबून बघितलं. तू जवळ होतीस. सान होआनच्या सणादिवशी हल्ला झाला तेव्हा मी कुंपणावर लढलो, खांद्यात बाण घेतला, एवढं सांग. राजाचं उत्तर आलं की माझं ओढ्याकाठचं शेत लेओनोरच्या नावावर. पाद्र्यासमोर शब्द देतो."

ब्रियांदा त्याच्याकडे बघतच राहिली. माणूस खोटं बोलत नव्हता. वीस वर्षं तीच गोष्ट सांगून त्याची स्वतःचीच खात्री पटली होती. आतून लेओनोरने शेताचं ऐकलं आणि तिच्या हातातलं कणसं सोलायचं काम थांबलं.

"येईन," ब्रियांदा म्हणाली.

साक्ष बंद दाराआड घ्यायची रीत. अर्जदार बाहेर, आत फक्त लेखनिक फाद्रिके आणि साक्षीदार. फाद्रिकेने क्रॉसवर तिचा हात ठेवला आणि अर्जदाराने दिलेले प्रश्न वाचायला सुरुवात केली.

"तुम्ही अर्जदाराच्या नात्यातल्या आहात का? किंवा वैरी?"

"छे. मी त्यांची धुणेवाली."

"नदीच्या मुखावरच्या पहिल्या गावात तिथल्या केरांदी टोळ्यांनी जळते बाण मारले, तेव्हा अर्जदार कुंपणावर लढले, हे खरं आहे का?"

"मी सदऱ्यांचं सांगू शकते," ब्रियांदा म्हणाली. "त्या दिवशी कुंपणावर उभे होते त्यांचे सदरे काजळीने काळे, रक्ताने ताठ. तीनतीन पाण्यांतून काढले. कप्तानांचा सदरा पांढरा होता. विजार मात्र वेगळी भिजवावी लागली."

लेखणी थांबली. "रक्ताने?"

"रक्ताने नाही. वासावरून कळतं."

फाद्रिके खोकला. "दोन साक्षीदारांनी कप्तानांचं चिलखत कुंपणावर पाहिलंय. लाल पट्ट्याचं."

"चिलखत होतंच की. आत मी होते." तिने कानामागचं जुनं भाजलेलं दाखवलं. "कप्तान कोठारात होते, रिकाम्या पिंपामागे, अंगावर घोंगडी. त्यांनी काढून टाकलं ते मी घातलं. कुणीतरी उभं राहायला हवं होतं."

"आणि खांद्यावरची खूण?"

"ती इथली. उसाचा रस आटवायच्या काहिलीवर पडले, पिऊन. मीच पट्टी बांधली."

फाद्रिकेने तिच्याकडे नीट बघितलं. शेताची बातमी गावभर झाली होती. "बाई, हे पाकीट मोहोर लावून थेट राजाकडे जाणार. नंतर बदलता येत नाही. मुलीचा विचार केलात?"

ब्रियांदाने केला होता. रात्र रात्र केला होता. पण ते अंगणातलं हसू त्या विचाराच्या वर येऊन बसायचं.

"लिहा," ती म्हणाली. "आणि ते पिंप रिकामं होतं, तेही लिहा. भरलेलं असतं तर मी म्हटलं असतं, धान्य राखत होते."

तिने सहीच्या जागी खूण केली. बाहेर बेल्त्रान येरझाऱ्या घालत होता.

"झालं? खांद्याचं सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"देव तुझं भलं करो!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी त्याने दोन कोंबड्या पाठवल्या. त्याला वाचता येत नव्हतं, आणि फाद्रिकेला गुप्ततेची शपथ मोडता येत नव्हती. पाकीट होडीत चढलं तेव्हा बेल्त्रानने मोहोरेचं चुंबन घेतलं. ब्रियांदा काठावर धुणं घेऊन बसली होती. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती.

उत्तर यायला दोन वर्षंही लागतात. खालून होडी आली की बेल्त्रान नवा कोट चढवून धक्क्यावर येतो. चिन्हात सिंह असावा की किल्ला, यावर लोकांशी वाद घालतो. ब्रियांदाने त्या दिवसांसाठी धुण्याची जागा बदलली; आता तिला तिथून त्याचं तोंड स्पष्ट दिसतं.

फक्त हल्ली लेओनोरही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते. ओढ्याकडे ऊस, वर कसावा, असं तिचं ठरून गेलंय. तिला बघितलं की ब्रियांदाला आपली साक्ष डाचते. पण शब्द मागे घ्यावेत इतकं नाही.

कालच्या होडीतूनही उत्तर आलं नाही; धक्क्यावरून परत येताना लेओनोर दगडापाशी थांबली. "आई, तू आत नेमकं काय सांगितलंस गं?"

ब्रियांदाने बेल्त्रानचा सदरा पिळला, झटकला, उन्हाला धरला.

"धुणं धुतलं, ते सांगितलं," ती म्हणाली.