हिराबाईंची थाळी

कॅन्सरच्या लॅबमध्ये कसले किस्से घडणार, असं लोकांना वाटतं. अहो, जिथे माणसं दिवसभर श्वास रोखून काम करतात तिथेच ते जास्त साठतात! नाशिकमधल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आमची लॅब. किस्से म्हणाल तर ढीगभर, पण आज फक्त हिराबाईंचे सांगते.

हिराबाई लासलगावच्या. मिश्रीने तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशननंतर परत उलटला. आमचं काम असं, की गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी थाळीत वाढवायच्या आणि कुठलं औषध त्यांना मारतं ते बघायचं. हिराबाईंचा तुकडा हरभऱ्याएवढाही नव्हता, आणि दुसरा मिळणार नव्हता. त्या पेशी मेल्या असत्या तर डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागलं असतं. म्हणजे सगळे कॅन्सर मरावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेले, आणि आम्ही तो जगावा म्हणून!

* * *

पेशी वाढवायच्या खोलीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे यीस्ट, द्राक्षाचा रस आंबवून वाइन करणारी बुरशी. एक कण पडला की थाळी खलास. आणि आमच्या प्रसादची सासुरवाडी कसली? वायनरीवाली! द्राक्षाच्या हंगामात रविवारी तिकडे मदत करून हा सोमवारी हजर. लॅबच्या प्रमुख, आमच्या मॅडम, दारातच आडव्या आल्या.

“अंघोळ केलीस?”

“हो, मॅडम.”

“डोक्यावरून?”

प्रसादचा हात केसांकडे गेला.

“घरी जा. केस धू. आणि तो शर्ट सासूबाईंना परत देऊन टाक!”

एरवी आम्ही हसून लोळलो असतो. पण आत हिराबाईंची थाळी होती.

* * *

त्याच आठवड्यात भर दुपारी लाइट गेली. जनरेटर जरा खोकला आणि बंद पडला. पेशी ठेवायच्या इनक्युबेटरमध्ये अंगाइतकी ऊब लागते, आणि दार उघडलं नाही तरच ती टिकते. प्रसाद दाराला पाठ लावून उभा राहिला, घामाघूम.

मला राहवेना. “जरा डोकावून बघू?”

“बघ की,” मॅडम म्हणाल्या, “मग तुलाच आत ठेवते!”

लाइट आली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी आधी इनक्युबेटरचं तापमान बघितलं.

* * *

एका सकाळी प्रसादने मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर थाळी गच्च भरलेली! गडी ओरडतच कॉरिडॉरमध्ये धावला.

“मॅडम, हिराबाईंचा कॅन्सर वाढला! मस्त वाढला!”

समोर बाकावर हिराबाईंचा मुलगा संतोष बसलेला. पांढराफटक पडला बिचारा. मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि समजावलं, की वाढलाय तो थाळीतला, आईच्या तोंडातला नाही.

संतोषने ग्लास रिकामा केला. “मॅडम, मग तुमच्याकडं वाईट बातमी कशी देतात?”

* * *

पहिलं औषध टाकलं. पेशी जशाच्या तशा. दुसरं टाकलं, तेच. मॅडम कोणावर ओरडेनाशा झाल्या, तेव्हा आम्ही खरे घाबरलो. उरलं तिसरं.

ते थाळीत लागू पडलं, हे आधीच सांगून टाकते. आता हिराबाईंना तेच सुरू आहे. अंगात काय करतंय ते कळायचंय, आणि आमची धाकधूक चालूच आहे. पण मला सांगायचंय ते औषध टाकायच्या दिवसाचं.

त्या दिवशी हिराबाई संतोषला घेऊन थेट लॅबच्या दारात.

“मला बघायचाय तो.”

बाहेरच्या कोणाला पाऊल ठेवू न देणाऱ्या मॅडमनी त्यांना स्वतःच्या हाताने गाऊन, टोपी, ग्लोव्हज घातले आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

“जित्ता हाय?”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

“खायला काय घालता ह्याला?”

“साखर, प्रोटीन, व्हिटॅमिन!” प्रसाद हौसेने सांगायला लागला. “दिवसाआड ताजं!”

“माझ्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नाय,” हिराबाई म्हणाल्या, “अन् ह्याचे लय लाड चाललेत.”

प्रसादने मान खाली घातली.

मॅडमनी तिसरं औषध पिपेटमध्ये, म्हणजे थेंब सोडायच्या नळीत, भरलं. ते हिराबाईंच्या हातात दिलं आणि त्यांचा हात धरून थाळीवर नेला.

हिराबाईंनी अंगठा दाबला.

“गिळ, मेल्या!”