माझ्या विषयात बसणारं पाणी

मे महिन्याची सोळा तारीख. मध्य प्रदेश होऊन सात-आठ वर्षं झाली होती. इंदूरबाहेर, बेटम्याजवळच्या एका गावात, गावप्रमुख पटेलांच्या ओसरीवर बसून मी पाण्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होते. काम केमिस्ट जोशींचं. पण बाईचं अक्षर चांगलं, म्हणून माझ्याकडे.

आम्ही चौघे होतो. डॉक्टर आमचे प्रमुख. एक इंजिनियर, जोशी, आणि इंदूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी मी. त्या भागात घरोघर नारू. पाण्यातून पोटात जातो, वर्षाने पायातून दोऱ्यासारखा बाहेर येतो. चार विषयांच्या लोकांनी मिळून तो हटवायचा, अशी योजना. लोक बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, पाय बुडवून पाणी भरत, ते थांबवायला पंपाची झाकलेली विहीर. गावाला एकच. जागा चौघांच्या सहीने ठरायची.

ऊन मरणाचं. पटेलांनी लोटा आणला. डॉक्टर प्याले, इंजिनियर प्याले, जोशी प्याले. मी हात पुढे केला. पटेल थांबले.

"मॅडमजी कौन लोग हैं?"

मला नाही, डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर सहज म्हणाले, "सोशियोलॉजी की हैं. नीचे बस्ती का काम यही देखती हैं."

तेवढं पुरलं. पहिल्याच मीटिंगमध्ये खालची वस्ती माझ्या वाट्याला आली होती. 'तुमच्या विषयात बसतं' म्हणून. पटेलांनी विषय बरोबर ओळखला.

"तो आप ओक से पी लो, बाईजी."

मी वाकले. ओंजळ केली. त्यांनी हातभर उंचीवरून धार सोडली. पाणी कोपरांवरून ब्लाउजच्या बाह्यांत गेलं. मी प्याले. चाळिशी उलटलेली, एम.ए. झालेली, होळकरांच्या फौजेतल्या महार शिपायाची नात. प्याले, आणि वर म्हणाले, "बस बस, मेहरबानी."

इंजिनियर फीत गुंडाळत राहिले. जोशींनी बाटली उजेडात धरली.

परतताना जीपमध्ये डॉक्टर मागे वळून बोलले. अगदी मायेने. "बाई, मनाला लावून घेऊ नका. उलट तुमच्या विषयाला केवढं मटेरियल मिळालं! एक पॅरा लिहूनच टाका."

जोशी इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, आमच्या बाटलीत तर नुसतं पाणीच आलं."

सगळे हसले. मीही हसले. ओंजळीपेक्षा ते हसणं सांगायला आजही जड जातं.

मग धीर करून विचारलं, "विहीर पटेलांच्या चौकात झाली, तर वस्तीतल्या बायका पाणी भरणार कशा? नारू सगळ्यात जास्त तिथेच आहे."

"वो सोशल मैटर है, मॅडमजी," इंजिनियर म्हणाले. "मैं तो इतना बताऊँगा, पानी कहाँ लगेगा."

"पाणी पिण्याजोगं आहे की नाही, ते मी सांगेन," जोशी म्हणाले.

"अहवालात तुमच्या प्रकरणात घ्या ना," डॉक्टर म्हणाले.

इंदुरात बडा गणपतीच्या देवळापाशी मला उतरवलं. घरी जाऊन तोंड धुतलं आणि पॅरा लिहायला बसले. सांगितलं काम करायची सवय. लिहिलं: 'एका अस्पृश्य स्त्रीस वरून पाणी वाढण्यात आले. संबंधित स्त्रीने विरोध केला नाही.'

संबंधित स्त्री.

कान तापले. महिनाभर मी वस्तीतल्या बायकांना विचारत होते, तुम्ही वरच्या विहिरीवर का जात नाही? त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. कोणत्या तोंडाने विचारत होते मी? आणि ते तिघे माझ्या पॅऱ्यात कुठेच नव्हते. पटेलांना अडाणी म्हणून मोकळं होता येईल. हे तिघे? एका जीपमधले, एका कामावरचे. एकाने जरी म्हटलं असतं, 'हमारे साथ हैं'. तीन शब्द. त्यासाठी कुठलाही विषय शिकावा लागत नाही.

कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच गावात गेलो, जागा पक्की करायला. पटेलांच्या चौकात इंजिनियरनी चुन्याची फुली मारली. तिघांनी सह्या केल्या. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे धरला, न बघताच. माझी सही धरूनच चालायचे.

मी चुन्याचा डबा उचलला आणि उतार उतरून वस्तीच्या तोंडाशी गेले. इथेही पाणी लागेल, असं इंजिनियर पहिल्याच दिवशी बोलून गेले होते. तिथे फुली मारली. मोठी, पटेलांच्या ओसरीवरून दिसेल अशी.

डॉक्टर मागून धापा टाकत आले. "बाई, हा तुमचा विषय नाही!"

"माझी सही इथल्या विहिरीला आहे," मी म्हणाले. "वरच्या नाही. तीन सह्यांवर खोदून दाखवा."

वरून पटेल ओरडत होते. वस्तीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. या वेळी हसल्या नाहीत. ऊन चढत होतं, घसा सुकला होता. मी हात कमरेवर ठेवले आणि फुलीवरून हलले नाही.