निळ्या गेटातली गुंतवणूक

माझ्या मुलीला बचतीचं महत्त्व पटवून देण्याच्या नादात मी तिचं लग्न जवळजवळ ठरवून आलो होतो.

मूळ हेतू चांगला होता. सायली, आमची एकुलती एक मुलगी, इंजिनिअर होऊन हिंजवडीला नोकरीला लागली. रोज चऱ्होलीहून जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मारुंजीत मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची आणि शनिवारी धुण्याचे कपडे घेऊन घरी यायची. मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला सुपरवायझर. लातूरहून इकडे आल्यापासून हातात आलेला पैसा भाडं, हप्ते आणि नातेवाइकांची लग्नं यातच गेला. "वेळेवर गुंतवलं असतं तर" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की ते सुरू झालं की सुनंदा, म्हणजे माझी बायको, कुकर लावायला उठते.

त्यामुळे सायलीचा पगार सुरू झाला तसं मी तिला धरलं. म्हटलं, जे आम्हाला जमलं नाही ते तू कर. पैसा लवकर पेर.

"पेरतेय की पप्पा," ती म्हणाली. "एसआयपी सुरू करतेय. दर महिन्याला थोडे थोडे."

"कुठे?"

"ॲपवरून."

"म्हणजे मोबाईलमध्ये. आणि मोबाईल हरवला तर?"

तिने मला फंड, व्याजावर व्याज, लांबचा पल्ला असं बरंच काही समजावून सांगितलं. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणालो, "बाळा, जमीन हरवत नाही."

(हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढच्याच रविवारी मला जमीन सापडली नाही, ही गोष्ट वेगळी.)

जमीन बघायची ठरली ती एका एजंटच्या फोनवरून. कुरुळीजवळ प्लॉट पडलेत, हप्त्याने मिळतील, आज टोकन द्या, उद्या भाव वाढणार. मी त्याला सगळी माहिती दिली. मुलगी हिंजवडीला असते, तिच्या नावाने घ्यायचंय, आम्ही मूळचे लातूरचे. तो म्हणाला, "साहेब, रविवारी या. कुरुळीच्या अलीकडे डावीकडे आत वळा, निळं गेट दिसेल. मालक नाना तिथेच असतात. मी पण पोचतोच."

सायली तयार झाली, पण अट घालून. "बघायला येते. पैसे माझे आहेत, तर ठरवणार मी." मी हो म्हणालो. टोकनापुरते पैसे तिने काढून माझ्याकडे दिले. घरात साधं पाकीट नव्हतं, म्हणून मी ते आहेराच्या पाकिटात घातले. वर गणपती, कडेला सोनेरी वेलबुट्टी आणि चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. सुनंदा म्हणाली, जमिनीच्या कामाला जाताना नीट जावं. तिने स्वतः काठापदराची साडी नेसली आणि सायलीला नवा ड्रेस घालायला लावला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या दिवशी आम्ही तिघे ज्याच्या दारात उभे राहिलो असतो, त्याचा तोच समज झाला असता.

मोशीवरून निघालो. पुढे ट्रेलरच्या मागे अडकलो, आणि त्याला ओलांडायच्या नादात मी एक वळण आधीच डावीकडे घुसलो. पण निळं गेट दिसलं. गेटात एक गृहस्थ उभेच होते. पांढरा सदरा, टोपी, हात जोडलेले.

"नाना का?" मी विचारलं.

"व्हय. लातूरकडचं पाव्हणं ना? या, वाटच बघत हुतो."

असं स्वागत झाल्यावर कोण शंका घेणार? अंगणात सडा, रांगोळी, गाद्यांवर नव्या चादरी. मला वाटलं, ग्राहक कसा सांभाळावा हे या लोकांकडून शिकावं. नानांची बायको, तिला सगळे काकू म्हणत होते, सुनंदाचा हात धरून तिला आत घेऊन गेली. जाताना सायलीकडे बघून म्हणाली, "पोरगी बी आली, बरं झालं. आजकाल असंच पाहिजे."

"तिच्यासाठीच तर चाललंय सगळं," मी म्हणालो.

पोहे आले, चहा आला. ट्रे घेऊन एक पंचविशीतला मुलगा आला. कडक इस्त्री, केसांना तेल, नजर जमिनीवर.

"हा आमचा विशाल," नाना म्हणाले.

मी समजलो, हा मार्केटिंगवाला. नाना म्हणाले, "जा, पोरीला मागची बाजू दाखव. बोला जरा, पोरं पोरं." मलाही ते पटलं. हप्त्यांचा हिशोब तरुण मुलांना पटकन कळतो. सायली त्याच्याबरोबर घरामागे गेली आणि मी कामाला लागलो.

"नाना, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आधी कुणाला शब्द दिलेला नाही ना? मागाहून भानगड नको."

नानांनी खाली बघितलं. "एका ठिकानी बोलणी झालती. त्यांनीच मागं घेतलं. आमच्याकडनं लपवाछपवी न्हाई."

"वाटेकरी?"

"योकुलता एक हाय. बहिणी हायत, पर त्या आपापल्या घरी सुखी. त्यांनी हक्कसोड बी करून दिलीया."

हक्कसोड झालेली. मी मनातल्या मनात खूश झालो. अशी स्वच्छ जागा चाकणच्या पट्ट्यात शोधून सापडत नाही.

"कर्ज?"

"रुपायाचं न्हाई."

"पाणी?"

"बोअर हाय, चोवीस तास. तुमच्या पोरीला हंडा उचलायची येळ येनार न्हाई."

"माझी एकच अट आहे. जे काही असेल ते मुलीच्या नावाने व्हायला पाहिजे."

नाना जरा थांबले. मग म्हणाले, "करू की. आमी काय जुन्या विचाराचं न्हाई."

मला एकदम मोकळं वाटलं, आणि मी माझ्या आवडत्या विषयावर आलो. "नाना, माझं म्हणणं असं, की मुलांनी बाविशीतच गुंतून पडावं. आम्ही वेळ घालवला. उशीर केला की चांगलं ते हातचं जातं, मग जे उरेल ते पदरात घ्यावं लागतं."

"लाख बोललात, पाव्हणं. आजकालच्या पोरींना ह्ये कोन सांगणार?"

"आणि पुढेमागे नाही पटलं, तर भाव चढल्यावर काढून टाकता येतंच."

नानांचा कप ओठांपाशी थांबला. माझ्याकडे बघत राहिले, मग बशी खाली ठेवून खदाखदा हसले. "लई गमतीशीर हायसा बगा तुमी."

मीही हसलो. का हसलो ते मला माहीत नव्हतं, पण व्यवहारात समोरचा हसला की आपण हसावं.

घरामागे काय चाललं होतं ते सायलीने नंतर सांगितलं. तिने त्या मुलाला विचारलं, "तुम्ही या लाइनमध्ये किती वर्षं?"

"पाच. मशीन शॉपला. परमनंट आहे."

तिला वाटलं, नोकरी करून सुट्टीच्या दिवशी प्लॉट विकतो, कष्टाळू आहे. म्हणून सहानुभूतीने विचारलं, "आतापर्यंत कितीजण बघून गेले?"

"तुम्ही चौथ्या," तो म्हणाला. त्याची मान आणखी खाली गेली.

"मग आधीच्यांनी का नाही घेतलं?"

"गाव नको म्हणतात. फ्लॅट पाहिजे."

"त्यांचं चुकलं," सायली म्हणाली. "इथे वाढायला खूप वाव आहे."

तो पहिल्यांदा वर बघून हसला म्हणे.

ती दोघं अंगणात परत आली तेव्हा दोघांचेही चेहरे प्रसन्न होते. मी त्याचा अर्थ असा लावला की तिला जागा पसंत पडली. ठरवणार ती, हे मी कबूल केलेलं. पण हक्कसोड, बोअर, बिनकर्जाचं, हे सगळं एकत्र बघून माणसाचं भान सुटतं. मी खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी नानांच्या हातात ठेवलं.

"आमच्याकडून पक्कं समजा," मी म्हणालो.

"पप्पा, एक मिनिट," सायली म्हणाली.

पण नानांनी पाकीट कपाळाला लावलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आत हाक मारली, "अगं ए, नारळ आण. पाव्हण्यांनी शब्द दिला."

काकू नारळ, खण आणि पेढ्यांचा डबा घेऊन धावतच आल्या. मागून सुनंदा आली. तिचा चेहरा मला काहीतरी सांगत होता, पण मला तिचे चेहरे वेळेवर वाचता येत नाहीत. आत तिला विचारलं गेलं होतं, की मुलीला भाकरी येते का, आणि श्रावणात लग्न नसतं तर मग कधीचं धरायचं. ती बाहेर निसटायला बघत होती आणि ते लोक तिला तिसऱ्यांदा चहा पाजत होते.

काकूंनी सायलीला कुंकू लावलं, तिच्या ओढणीत नारळ आणि खण घातला आणि पेढा तिच्या तोंडाजवळ नेला.

"घ्या, तोंड गोड करा सूनबाई."

सायलीने पेढ्याकडे बघितलं, विशालकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. तसं तिने माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी मात्र अजून समजूत काढत होतो, की हल्ली कंपन्या ग्राहकाला घरचाच माणूस मानतात.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एजंट होता. "साहेब, कुठे आहात? नाना आणि मी गेटवर उभे आहोत."

मी समोरच्या नानांकडे बघितलं. ते गेटवर नव्हते. पेढा खात होते.

"नाना," मी हळूच विचारलं, "हा प्लॉट तुमचाच ना?"

"कसला प्लाट?"

पुढचं मला सलग आठवत नाही. सुनंदा "अहो" म्हणाली आणि खाली बसली, एवढं नक्की. मी हात जोडून सगळं सांगितलं. विशाल घराच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. चौथी पण गेली. सायलीला माझा राग आला होता, पण ती आधी त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "सॉरी. मी खरंच जागेबद्दल बोलत होते."

"माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "एवढं चांगलं कुणी बोलत नाही."

नानांनी पाकीट माझ्या हातात परत दिलं. आम्ही निघणार, तोच गेटात एक गाडी शिरली. खरे पाहुणे. तेही लातूरकडचे, त्यांचीही मुलगी हिंजवडीला. मुलीचे आईवडील आणि मामा उतरले, आणि मुलीच्या वडिलांनी सायलीच्या ओढणीतला नारळ बघून भुवया उंचावल्या.

नाना माणूस हुशार. लगेच म्हणाले, "ह्ये आमचं लातूरचं जवळचं पाव्हणं. ल्येकीची वटी भरली." आणि माझ्या कानात म्हणाले, "आता जेवल्याबिगर हलायचं न्हाई. नायतर त्यांना काय सांगू?"

म्हणून आम्ही जेवायला बसलो. मुलीचे वडील माझ्या शेजारी. घासागणिक ते माझ्याकडे सरकत गेले आणि शेवटी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आपल्याकडचे आहात म्हणून विचारतो. स्थळ कसं आहे? खरं सांगा."

आणि मला सगळं माहीत होतं. विशालचं बोलणं सायली पानं मांडेपर्यंत आईला सांगत होती, तेही मी ऐकलं होतं. कर्ज नाही, वाटेकरी नाही, बहिणींनी हक्कसोड दिलेली, बोअरला पाणी, मुलगा परमनंट, वडील जुन्या विचाराचे नाहीत. आधीची बोलणी का मोडली तेसुद्धा मी सांगितलं. ते गृहस्थ थक्क झाले. "सख्खा भाऊसुद्धा एवढी चौकशी करत नाही," म्हणाले. पुढे ते लग्न जमलं. आम्हाला पत्रिका आली आणि आम्ही गेलो. माझं त्या मांडवात जेवढं कौतुक झालं तेवढं माझ्या स्वतःच्या लग्नात झालं नव्हतं.

त्या रविवारी परतीच्या वाटेवर मात्र आळंदी फाटा गेल्यावर सायली म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला विचारलं नाही."

"हो."

"जागा असती तरी विचारलं नसतं."

मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "माझे पैसे आता मी बघते."

त्या आठवड्यात तिने तिची एसआयपी सुरू केली. एजंट फोन करत राहिला, म्हणून तिने प्लॉटचा गट नंबर मागवून घेतला आणि सातबारा काढून बघितला. त्यावर इतक्या वारसांची नावं होती की त्यांचीच ग्रामसभा भरली असती. एसआयपी म्हणजे काय ते पुन्हा एकदा समजावून सांग, एवढंच म्हणालो. या वेळी शेवटी जमिनीचं नाव काढलं नाही.

मग एका शनिवारी, मशीनमध्ये कपडे टाकून, ती माझा मोबाईल घेऊन बसली. म्हणाली, तुमचीही सुरू करू, उशिरा तर उशिरा. ॲप प्रश्न विचारत होतं. "गुंतवणुकीचा अनुभव?" तिने मान वर न करता "अजिबात नाही" दाबलं. "जोखीम घेण्याची तयारी?" तिथे मात्र ती थांबली आणि तिने आईकडे बघितलं. दोघींनी एकमताने "अत्यंत कमी" ठरवलं.

पैसा माझा, जोखीम माझी, म्हातारपणही माझंच. मला फक्त ओटीपी विचारला, आणि तोही मी पहिल्यांदा चुकीचा सांगितला.