पडण्याचा सीन

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी चितेगावला कंपनीत, दुपारच्या शिफ्टला होतो. त्याचा मेहुणा बोलत होता. "भाऊ, दाजी गेले... हार्ट." मी परत मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. महिना होत आला, अजूनही सुचत नाही.

जयंतीला भीमगीतं गाणारा मिलिंद, ढोलकी सोडून ड्रमवर बसलेला मी आणि गिटार वाजवणारे दोन मित्र, असा आमचा रॉक बँड. पुण्याच्या एका दिग्दर्शकाला आमची धडपड गमतीची वाटली आणि त्यानं आम्हालाच घेऊन विनोदी सिनेमा काढला. शूटिंगमध्ये वायरीत पाय अडकून मिलिंद खरोखरच स्टेजवर आपटला, उठला आणि गाणं तुटलं होतं तिथूनच पुढं गायला. दिग्दर्शक म्हणाला, "हेच ठेवू."

क्रांती चौकाजवळच्या थिएटरात त्या सीनला लोक हसले, मग टाळ्या पडल्या. सिनेमातली ती सर्वांत चांगली जागा. रिहर्सलमधली आमची भांडणंही अस्सल उतरलीत. पण मध्यंतरानंतर दिग्दर्शकाचा गाण्यावरचा भरवसा उडाला असावा. एकही गाणं पुरं होत नाही, आणि मिलिंद पुन्हा पुन्हा पडतो. उठून गाताना मात्र दिसत नाही.

सिनेमा आठवड्यात उतरला, मोबाइलवर मात्र घरोघरी पोचला. मग प्रत्येक कार्यक्रमात फर्माईश, "मिलिंदभाऊ, पडून दाखवा की." कित्येक वर्षं तो पडला. गुडघे गेले. मी म्हणायचो, "बस कर आता." तो म्हणायचा, "पडल्यावर तरी गाणं ऐकत्यात ना रे..."

बिडकीनला एका लग्नात मात्र त्यानं खुर्ची मागवली, बसूनच गायला. मागून कोणी ओरडलं तेव्हा माईकमध्ये शांतपणे म्हणाला, "आज नाय पडणार. आज ऐका." निम्मे लोक जेवायला उठले. तो शेवटच्या कडव्यापर्यंत गायला. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम.

परवा मिलिंदच्या घरी गेलो तर वहिनींनी टीव्हीवर तोच सिनेमा लावला होता. रिहर्सलचा प्रसंग चालू होता, मिलिंद माझ्यावर चिडून मधेच हसत होता. ते हसू पटकथेत नव्हतं. प्रसंग संपला तसा वहिनींनी टीव्ही बंद केला.

"पुढचं बघत नाही?" मी विचारलं.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या, "पुढं लई दमवलंय त्यांना."