कोठीतली बॅटरी

बोरी अरबमधल्या आमच्या वस्तीत नवी वस्तू वापरत नसत, ठेवत असत. नवं लुगडं पेटीत, नवा गंज, म्हणजे पातेलं, फळीवर, आणि रोजचं काम जुन्यावर. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्यांनी वापरून सोडलेलं मिळालं, त्यांच्या हाताला नवं काही लागलं की ते लपवून ठेवावंसं वाटणारच.

उकंडामामा तर स्वतःच असा जपलेला होता. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. तो झाला तेव्हा त्याच्या आईने त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि लगेच उचलून घेतलं, मरणाची नजर चुकावी म्हणून. उकंडा म्हणजे उकिरडा, नाव तिथूनच पडलं. पोर जगलं, उंच झालं, लढाईच्या दिवसांत कामठीला लष्करी ट्रकवर क्लीनर झालं आणि मोटार चालवायला शिकून गावी परतलं. गावात मोटार एकच होती, किसनरावांची. किसनराव म्हणजे दीडशे एकर कपाशीचे मालक. उकंडामामा त्यांचा ड्रायव्हर झाला.

मोटार जुनी, काळी, आवाजाने मोठी. तिला पायाने दाबायचं सेल्फचं बटन होतं. दाबलं की बॅटरीच्या जोरावर इंजिन फिरायचं. पण किसनराव प्रत्येक बॅटरी अगदी मरेपर्यंत ताणायचे, आणि या बॅटरीलाही तीन वर्षं झाली होती. आमच्याकडच्या उन्हात बॅटरी तीन वर्षं टिकते, नशीब बरं असेल तर चार. ही थकली होती. आधी सेल्फ कण्हू लागला, मग नुसता टक्क वाजून थांबू लागला. म्हणून रोज सकाळी किसनरावांच्या अंगणात उकंडामामा हँडल मारायचा. गाडीच्या तोंडाशी वाकायचं, लोखंडी हँडल भोकात घालायचं आणि सगळ्या अंगाने फिरवायचं. कधीकधी इंजिन उलटा झटका देतं. त्याने मामाचं उजवं मनगट एकदा मोडलं होतं. ते वाकडंच बसलं.

हँडलला दुसरं माणूस लागतं. आत बसून, थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून चोकचं बटन ओढायला, योग्य वेळी सोडायला, पायाने ॲक्सिलेटर सांभाळायला. हे काम मामाची लेक नलू करायची, अगदी लहान होती तेव्हापासून. सीटवर बसली की तिचा पाय पुरत नसे, म्हणून ती पुढच्या काठाला टेकून उभी राहायची. अट एकच होती, किसनरावांची. इंजिन सुरू झालं की पोरीने उतरायचं. मागच्या गादीवर पाहुणे बसायचे, पुढे मामा. नलू फाटकाशी उभी राहून गाडी जाताना पाहायची. त्या गाडीतून ती कधी कुठे गेली नाही.

नागपूरला दीक्षा घेऊन आमची माणसं परतली, त्याच हिवाळ्यात नलूचं लग्न ठरलं. मुलगा दिग्रसचा बळीराम, शाळेत मास्तर. लग्न नव्या पद्धतीने, पांढऱ्या कपड्यांत. आणि पाठवणी मोटारीतून. किसनरावांनी एका दिवसापुरती गाडी द्यायचं कबूल केलं होतं.

त्याच सुमारास मामाने मागे लागून किसनरावांकडून नवी बॅटरी मागवून घेतली. ती यवतमाळहून आली, भरलेली, तयार. मामाने ती गाडीत बसवलीच नाही.

"मालक, जुनी अजून हँडलवर चालते," तो म्हणाला. "नवी कायले वाया घालवता? जपून ठेवतो."

किसनरावांना काय, बरंच वाटलं. बॅटरी मामाच्या घरी गेली, गोणपाटात गुंडाळून ज्वारीच्या रिकाम्या कोठीत. मामाने कारण फक्त घरच्यांना सांगितलं, आणि पुढे मला. "रोज त्या गाडीपुढं वाकतो. पाहुणे आत बसून माह्यं डोकं वरखाली होताना पाहतात. वाकतो बाप्पा, पोटासाठी. पण नलू निघन त्या दिवशी वाकणार नाही. ताठ बसीन, बटन दाबीन, अन् गाडी चालू."

लग्न वैशाखात व्हायचं होतं. बळीरामला ट्रेनिंगला पाठवलं, आणि ते पुढच्या वैशाखावर गेलं. बॅटरी कोठीतच राहिली. नलूची आई कांताबाई महिन्यातून एकदा गोणपाट उघडून ती पुसायची. मामा वर्षभर आणखी हँडल मारत राहिला.

मी तेव्हा अमरावतीला मोटारीचं काम शिकत होतो. लग्नाच्या सकाळी गावात पोचलो तर मामाच्या घरासमोर गाडी धुऊन उभी, बॉनेट उघडं, आणि मामा नवी बॅटरी आत बसवत होता. कांताबाई हातात फडकं घेऊन बाजूला.

"कुंकू लावू काय वं तिले थोडंसं?" तिने घराकडे बघून विचारलं.

"माय, सोडलं ना आपण ते," नलू घरातून ओरडली.

"पूजा नाही करून राह्यली मी. नवी आहे म्हून म्हटलं."

मी जवळ गेलो. बॅटरीची पेटी चकचकीत होती, ओरखडा नाही. मामाने मला कोठीची हकिगत तेव्हाच सांगितली, अभिमानाने.

"मामा, मधे एकदा तरी चार्ज केली होती?"

"चार्ज कायले? वापरलीच नाही ना लेका. भरलेली आली, भरलेली आहे."

मी एक झाकण उघडून आत पाहिलं. पाणी खाली गेलं होतं आणि पट्ट्यांवर पांढरट थर धरला होता. ज्वारी कोठीत टिकते, बॅटरी टिकत नाही. ती भरून ठेवली तरी आतल्या आत रोज थोडी रिकामी होत जाते, आणि रिकामी पडून राहिली की पट्ट्या कायमच्या निकामी होऊ लागतात. वापरातली बॅटरी झिजते. न वापरलेली, चार्ज न केलेली, त्याच्याही आधी जाते. मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "मामा, आत्ता एकदा बटन दाबून पाहू."

"नाही. पहिलं बटन नलू मांगं बसल्यावर."

"पण मामा..."

"तू शिकून आला, चांगलं झालं. पण आजच्या दिवशी मले टोकू नोको."

चार्ज करायला दारव्ह्याला न्यावी लागली असती, आणि तिथेही दिवस गेला असता. जुनी बॅटरी मामाने सकाळीच दारव्ह्याच्या गाडीवाल्याला देऊन टाकली होती. मी झाकण लावलं.

लग्न साधं आणि छान झालं. सगळ्यांनी मोठ्याने त्रिशरण म्हटलं, नवीन होतं म्हणून काही शब्द मागेपुढे झाले. किसनरावही आले, आमच्या वस्तीत पहिल्यांदाच, निंबाखाली खुर्चीवर बसले. मग नलू आणि बळीराम गाडीत मागे बसले. पांढऱ्या लुगड्यातली नलू गादीवरून हात फिरवत होती. अख्खी वस्ती भोवती गोळा झाली.

उकंडामामा पुढे बसला. ताठ. टोपी नीट केली आणि बटन दाबलं.

टक्क.

पुन्हा दाबलं. टक्क. मी समोरच्या दिव्यांकडे पाहत होतो. मामाने ते थाटासाठी दिवसाच लावले होते. बटन दाबलं की दिवे नुसत्या लाल तारेइतके उरत होते. तिसऱ्यांदा तेवढंही झालं नाही.

"ढकला रे, ढकला," कोणीतरी म्हणालं, आणि पोट्टे मागे धावले.

"हात नोका लावू," मामा म्हणाला. "लेकीची वरात ढकलत न्यायची काय?"

किसनराव खुर्चीवरूनच म्हणाले, "अबे उकंडा, लाजतो कायले? हँडल मार. रोजचंच तर आहे तुह्यं."

मामाचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. तो उतरेना. कांताबाईने पदर तोंडाला लावला. मला खिडकीशी जाऊन सांगायचं होतं की सेल्फ फिरवायला जोर लागतो पण ठिणगीला थोडीच वीज लागते, तेवढी हिच्यात अजून असेल. पण कोणत्या तोंडाने सांगणार? त्याचा अर्थ एकच होता, वाक.

मागचं दार उघडलं. नलू खाली उतरली, लुगड्याचा काठ एका हातात उचलून पुढच्या दाराशी आली.

"बा, सरक."

"नलू, तू मांगं बस माय."

"सरक म्हणते ना. लाइट बंद कर आधी, खाऊन राह्यले ते बॅटरीले." ती आत शिरली, त्याच्या जागी बसली. पाय आता नीट पुरत होता. चोक ओढून ती म्हणाली, "तुह्या हँडलले माह्याशिवाय कोनाचा चोक जमते काय? मार."

मामा उतरला, गाडीच्या तोंडाशी गेला, वाकला. कोणी हसलं नाही. पहिला फेरा कोरडा गेला. दुसऱ्याला इंजिन खोकलं, नलूने चोक अर्धा सोडला, आणि तिसऱ्याला गाडी धडधडू लागली. पोरांनी आरडाओरडा केला.

तेव्हा मी जे पाहिलं ते वस्तीतल्या फार थोड्यांच्या लक्षात आलं असेल. इंजिन लागताच नलूचा हात आपोआप दाराकडे गेला. उतरायला. तिने एक पाय खाली टाकलाही.

मामाने हँडल हातात घेऊन ते पाहिलं. तो आला, दार बाहेरून लोटलं. "सरक तिकडं. तिथंच बस, समोर."

"समोर?" किसनराव उठून उभे राहिले. "अबे, नवरीले मांगं बसव. रीत असते काही."

"नाही जमत मालक," उकंडामामा म्हणाला, स्टीअरिंगमागे बसत. "बॅटरी कमजोर आहे. चोकापाशी कोनीतरी लागते, दिग्रसपर्यंत. नाही तर इंजन बंद पडन रस्त्यात."

किसनराव माझ्याकडे वळले. "हो काय बे इंजिनेर? तू शिकून आला. लागते काय कोनी?"

इंजिन थोडं तापलं की चोक लागत नाही. अमरावतीत आम्हाला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. चोक ओढून ठेवला तर उलट इंजिन बंद पडतं.

"लागते मालक," मी म्हणालो. "बॅटरी अशी असली म्हणजे लागतेच."

बळीराम मागे एकटा, मांडीवर नलूची पेटी घेऊन बसला होता. "मास्तर, मांगं ऐसपैस आहे ना?" पोरांनी चिडवलं. तो हसला. कांताबाई खिडकीशी धावली. "अन् दिग्रसले पोचल्यावर इंजन बंद करू नोका हो. परत कोन चोक धरन तुमचा?"

मामाने गिअर टाकला. नलू त्याच्या शेजारी बसली होती, आणि वस्तीच्या वळणापर्यंत तिचा हात चोकाच्या बटनावर होता. चोक ओढलेला नव्हता.