ताकेमुरा-सानचा शनिवार

अगं सायली, हातातलं सगळं खाली ठेव आणि ऐक! आज काय झालं माहितीये? निखिल लॅबमधून घरी आला तर मी सॉक्ससकट सोफ्यावर बसलेली. तो म्हणाला, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही रे, पण थांब, आधी सायलीला सांगू दे."

पण एकदम आजचं सांगितलं तर तुला काही कळणार नाही. मागचंही सांगावं लागेल. माझ्या या गोल्फवाल्या ग्रुपचं असंच आहे बघ. संध्याकाळी घरी येऊन बूट झटकले की गवताबरोबर दोन किस्से पडतात. तीन वर्षांत एवढे साठलेत की जिना झाडावा तसे अधूनमधून काढून टाकावे लागतात.

इथे जपानात, आमच्या त्सुकुबाच्या बाहेर एक गोल्फ क्लब आहे. तिथे दर वर्षी सीनियर प्रो लोकांची मोठी चॅम्पियनशिप होते. सीनियर म्हणजे पन्नाशी उलटलेले! क्लबने त्या चॅम्पियनशिपचा इतिहास छापलाय, उशीएवढं जाड पुस्तक. पण त्यात नुसतं कोण जिंकलं ते. खरा इतिहास सगळा सुमी-सानकडे आहे, आणि तो तिने मला फुकट दिलाय.

*

सुमी-सान म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची आजी. चौऱ्याहत्तर वर्षांची. शाळेच्या किचनमध्ये आयुष्यभर चारशे पोरांचं जेवण केलेली बाई, त्यामुळे आवाज अजून चारशे पोरांपुरता!

आमची ओळख कचऱ्यावर झाली. मी नवीन होते, प्लास्टिक न्यायच्या दिवशी जाळायचा कचरा ठेवला. खाली आले तर ही माझी पिशवी हातात धरून उभी. मला वाटलं, झालं, आता पोलिस. तिने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

म्हणाली, "कचरा चुकीचा आहे. पण हात लांब आहेत. बोर्ड धरशील?"

त्या शनिवारी मी गोल्फ कोर्सवर! खेळाडूंच्या मागून स्कोअरचा बोर्ड घेऊन चालायचं, सुमी-सानने कागदावर शॉट लिहायचे, मी आकडे बदलायचे. तोवर मी गोल्फची काठी फक्त जाहिरातीत पाहिली होती.

*

आता मेन गोष्ट. आमचे व्हॉलंटियर सगळे आसपासच्या गावातले आजी-आजोबा. गोल्फ एकालाही येत नाही! मी विचारलं, "मग तुम्ही का येता?"

तर सुमी-सान म्हणाली, "आम्ही इथे आंघोळ केलीये."

अगं, मोठ्या भूकंपानंतर या भागात पाणी बंद झालं होतं. पण क्लबची स्वतःची विहीर होती, आणि गोल्फनंतर सगळे उतरतात ते मोठं गरम पाण्याचं स्नानगृह होतं. ताकेमुरा-सान तेव्हा क्लबमध्ये लोकांना गोल्फ शिकवायचा. पन्नाशीचा झालेला, सीनियरमध्ये नुकताच पात्र. त्याने मालकांना विचारलं, जनरेटर लावला, बॉयलर पेटवला आणि गावाला सांगितलं, या. एक दिवस बायकांचा, एक दिवस पुरुषांचा.

सुमी-सान म्हणते, "सहा दिवसांनी गरम पाण्यात बसले. शेजारची बाई कोण ते माहीत नव्हतं. दोघी रडलो. मग तिने माझी पाठ घासली."

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याची या चॅम्पियनशिपची पात्रता फेरी होती, कोबेकडे. तिकडे सगळं नीट होतं, फेरी होणार होती. तिथून फोन आला, येताय ना? हा बॉयलरपाशी उभा राहून म्हणाला, "माफ करा, आज बायकांचा दिवस आहे."

पलीकडचा माणूस म्हणाला, "...बरं. शुभेच्छा!"

गाडीने तरी जायचं ना, असं नंतर कुणीतरी म्हणालं. तर गाडीतलं पेट्रोल जनरेटरमध्ये गेलेलं!

तेव्हापासून हा सगळा ग्रुप दर वर्षी येतो. आणि सगळ्यांना एकच गोष्ट बघायचीये. चॅम्पियनशिप चार दिवसांची. गुरुवार-शुक्रवारनंतर ज्यांचे शॉट कमी तेवढेच पुढे जातात, बाकीचे घरी. त्याला कट म्हणतात. ताकेमुरा-सान त्यानंतरच्या वर्षांत आठ वेळा पात्र झाला. आठही वेळा शुक्रवारीच घरी! सुमी-सान म्हणते, "जिंकायला नको. मला त्याला एकदा शनिवारी खेळताना बघायचंय."

*

त्या वर्षी चॅम्पियनशिप झाली का? झाली! उशिरा, पण झाली. चौदाव्या होलवर, म्हणजे खेळाच्या अठरा टप्प्यांतल्या चौदाव्यावर, जमिनीला ही मोठी भेग पडलेली. गावातल्या लोकांनी वाळू टाकून बुजवली, तरी थोडी राहिलीच. म्हणून नियम केला की भेगेत बॉल गेला तर उचलून बाहेर ठेवा, दंड नाही.

एक खेळाडू होता, जाम मानी. त्याचा बॉल बरोब्बर भेगेत. म्हणाला, "मी उचलणार नाही. इथली माणसं यातून उठली, मीही इथूनच मारणार."

मारला. वाळू उडाली, बॉल तिथेच. परत मारला. बॉल अजून खाली! आजूबाजूचे सगळे भावुक चेहरे करून उभे.

त्याची कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी घेऊन फिरणारी, क्लबची जुनी बाई होती, सत्तरीची. ती पुढे आली आणि कानाशी म्हणाली, "माणसं उठली कारण त्यांनी मदत घेतली. तुम्ही पण घ्या!"

*

माझा स्वतःचा पराक्रम ऐक. इथल्या जुन्या कोर्सवर एका होलला दोन ग्रीन असतात. ग्रीन म्हणजे ते मऊ गवत, जिथे भोक असतं ना, ते. एक उन्हाळ्याचं, एक हिवाळ्याचं. वापरात एकच.

पहिल्याच वर्षी मी बोर्ड घेऊन ऐटीत निघाले आणि चुकीच्या ग्रीनवर जाऊन उभी राहिले. मागून चाळीसेक प्रेक्षक आजोबा आले, घडीचे स्टूल उघडले, व्यवस्थित रांगेत बसले, थर्मास काढले. एकाने "बाळा, चहा?" असंही विचारलं.

आणि शेजारच्या टेकाडापलीकडे टाळ्या! खेळाडू तिकडे, बॉल तिकडे, खेळ तिकडे!

सुमी-सान धावत आली. मला ओरडेल असं वाटलं. ती त्या आजोबांना म्हणाली, "अहो, ही नवीन आहे. तुम्ही तीस वर्षं येताय!"

तर एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बोर्ड आला म्हणून आलो. चूक कशी म्हणायची? इथून डोंगर फार छान दिसतो."

जाताना सगळ्यांनी मला एकेक करून थँक्यू म्हटलं. डोंगराबद्दल!

*

एक माजी विजेता आहे, आता सत्तरीला टेकलेला. मान म्हणून त्याला अजून बोलावतात. मागच्या वर्षी आम्ही बोर्ड घेऊन ज्यांच्या मागे होतो, त्यांच्यात तो होता. त्याने कडक शॉट मारला, बॉल भोकापासून हातभर अंतरावर. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. हा तसाच उभा.

मग हळूच माझ्याजवळ आला. "ताई, बॉल कुठे गेला मला दिसत नाही. टाळ्या वाजल्या का तेही ऐकू येत नाही. तुम्ही असं करा, चांगला गेला तर बोर्ड हलवा."

मी हलवला. तो कॅप काढून वाकला. लोक अजून जोरात टाळ्या! अठरा होल मी बोर्ड हलवत फिरले. खांदे तीन दिवस दुखले, पण देवाशप्पथ, इतका सुंदर जॉब मला कुणी दिला नव्हता.

*

आणि लाडू! गेल्या वर्षी मी शेंगदाण्याचे लाडू नेले होते. ताकेमुरा-सानने एक खाल्ला आणि पुढच्याच होलला बर्डी! म्हणजे एक शॉट वाचला. झालं! दुसऱ्या दिवशी सगळी आजी-आजोबा गॅंग माझ्या डब्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. सुमी-सान तर डब्यावर पहारा देत होती. "तुम्ही नाही हो खायचा, तुम्ही खेळता का?"

त्या शुक्रवारी तो एका शॉटने हुकला. एकच! मला तर रडूच आलं. तो मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याकडे आला आणि फार सीरियसली म्हणाला, "यात लाडवाची काही चूक नाही."

*

आता आजचं.

ताकेमुरा-सान बासष्ट वर्षांचा झालाय. गुडघा बांधून खेळतो. यंदा नववी वेळ, आणि सकाळीच म्हणाला, "पुढच्या वर्षी गुडघा परवानगी देईल असं वाटत नाही." म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

आणि आज, शुक्रवारी, तो काय खेळला गं! सोळा होल झाले आणि तो बरोब्बर कटच्या रेषेवर. सतरा आणि अठरा नीट खेळला की शनिवार! आमचे सगळे आजी-आजोबा आपापल्या जागा सोडून मागे मागे यायला लागले.

सतराव्याला बॉल उंच गवतात गेला. आम्ही शोधला, मी आणि सुमी-सान. सापडल्यावर दोन पावलं मागे सरून उभ्या राहिलो. त्याचा कॅडी अंतर मोजायला पुढे गेला होता, बाकीचे खेळाडू पार पलीकडे, आजी-आजोबा लांब दोरीमागे. तो आला. काठी बॉलच्या मागे गवतावर टेकवली, नजर लांब झेंड्यावर.

आणि बॉल हलला.

एवढासा! करंगळीच्या नखाएवढा, गवतात खाली बसला. त्याला दिसलं नाही, तो झेंड्याकडेच बघत होता. नियम असा आहे की आपल्यामुळे बॉल हलला तर एका शॉटचा दंड, आणि परत जागेवर ठेवायचा. न ठेवता मारला तर दोन शॉटचा.

मी काय केलं माहितीये? मी आभाळाकडे बघायला लागले. जसं काही विमान चाललंय! सुमी-सानकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं, तर तिची मान कागदात. म्हटलं, हिने पाहिलेलं नाही. मीच एकटी. मग मी पाहिलं तरी कशावरून? वाऱ्याने गवत हललं असेल ना!

त्याने मारला. असला शॉट, असला शॉट! ग्रीनवर. सतरा नीट. अठरा पण नीट! शेवटचा बॉल भोकात पडला आणि आमचे आजोबा लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. जपानी आजोबा, सायली, मिठ्या! मी बोर्ड एवढा हलवला की त्यातला एक आकडा उडून पडला.

मग तो स्कोअरच्या तंबूत गेला. तिथे कार्ड तपासून सही करायची असते, सही झाली की स्कोअर पक्का. आम्हालाही कागद द्यायला आत जावं लागतं. तो बसला होता, हसत होता, पेन हातात. कार्डावर टेकवणार.

सुमी-सान त्याच्यासमोर उभी राहिली. आणि शाळेच्या किचनमधला तो आवाज, इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"ताकेमुरा-सान, सतराव्याला गवतात तुमचा बॉल हलला. काठी टेकवलीत तेव्हा. आम्ही दोघींनी पाहिलं."

दोघींनी!

त्याने पेन खाली ठेवलं.

"किती?"

"नखाएवढा."

"कुठे?"

"खाली."

तो एकदाही "नक्की का?" म्हणाला नाही. रेफरीला बोलावलं, सांगितलं, कार्डावर स्वतःच्या हाताने दोन शॉट वाढवले आणि सही केली. दोन शॉट म्हणजे कटच्या बाहेर. बाहेर अजून टाळ्या चालू होत्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

मग तो उठला. गुडघा धरून उठला. सुमी-सानसमोर कमरेत वाकला आणि म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी हे कार्ड घरी नेऊ शकतो. मनापासून आभार." ती पण वाकली. तिच्या चष्म्यातून टपटप पाणी पडत होतं, पण मान खालीच.

आणि मग तो माझ्याकडे वळला गं.

"केतकी-सान, तुमचेही. तरुण वयात असं बोलायला जास्त धीर लागतो."

आणि वाकला. नुसती मान नाही, पूर्ण, तिच्यासमोर वाकला तेवढाच. मी सुमी-सानकडे पाहिलं. ती पेन्सिलीचं टोक बघत होती. रेफरी बघत होता, कॅडी बघत होता, सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि तो बासष्ट वर्षांचा माणूस बांधलेल्या गुडघ्यावर अजून वाकलेलाच होता.

सायली, खरं सांग. तू काय केलं असतंस?