श्वास रोखणारी साकोलीची बाई

बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर बहिणीच्या छातीचा सीटी स्कॅन असला की नागपूरला साकोलीची ती बाई भेटतेच. तिलाही भावाच्याच पेशी दिलेल्या. मशीनमध्ये सांगतात त्याहून जास्त वेळ ती श्वास रोखते आणि बाहेर येऊन म्हणते, “मशीन थकली, मी नाही.”

इतके महिने गिळलेलं मी काल बहिणीच्या देखत बोललो, “मी दिलेल्या पेशीच हिच्या शरीराला परकं समजून हिची फुप्फुसं खाताहेत.”

बाई हसली. “कायले तोंड पाडून बसले, दादा? भाऊ बहिणीच्या घरी राहाले आला त दादागिरी करनारच. माहा बी करून राहिला. पन त्याच्याच भरवशावर जित्ती हाव ना मी!”

तिला आत बोलावलं. खोकत उठली आणि बहिणीला म्हणाली, “तू बी दाबून धरजो श्वास. दिसू दे डाक्टरले, अजून किती बाकी हाये तं.”